२५५७ गोळ्यांचा हिशोब

८ ऑगस्ट २०२२ ला माझी पाच वर्षं भरली. पतसंस्थेत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला पाच वर्षांची मुदत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ठेव ठेवली, पावती कपाटात गेली, मुदत भरली की पावतीच्या मागे सही करायची आणि रक्कम घेऊन घरी. स्तनाच्या कॅन्सरनंतरची रोजची गोळी सुरू करताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "रोज एक, पाच वर्षं." त्या दिवसापासून मी त्या तारखेवर डोळा ठेवून होते. नाशिकला निघताना पिशवीत केळीच्या वेफर्सची दोन पाकिटं आणि घरचे बिबडे घेतले. निरोपाला रिकाम्या हाताने कसं जायचं?

मॅडमनी बिबडे ठेवून घेतले, फाईल उघडली आणि म्हणाल्या, "आज जरा निवांत बसा. गोळी थांबवायची, दोन वर्षं अजून घ्यायची की पाच, ते आपल्याला ठरवायचंय."

माझ्या तोंडाला कोरड पडली. वाटलं, रिपोर्टात काहीतरी निघालं. तसं काही नव्हतं. मॅमोग्राफी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ. पाच वर्षं भरली म्हणजे खातं बंद झालं, ही समजूत तेवढी माझी होती.

जरा मागून सांगते. २०१६ च्या दिवाळीत उटणं लावताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. दिवाळी झाली की दाखवू म्हटलं, तर ८ नोव्हेंबरला नोटबंदी. ज्यांनी तेव्हा पतसंस्थेच्या काउंटरच्या आत दिवस काढले त्यांनाच माहीत. बाहेर रांग, रांगेतून शिव्या, आणि आमच्या गल्ल्यात द्यायला नोटा नाहीत. कापसाचे, केळीचे पैसे अडकलेली माणसं माझ्याशी असं बोलत की जणू मीच ते उचलून घरी नेलेत. त्या धबडग्यात गाठ पाच आठवडे मागे पडली. आजही कुणी बाई "जरा मोकळी झाले की दाखवते" म्हणाली की माझा आवाज चढतो.

जानेवारीत नाशिकला ऑपरेशन झालं. गाठ १.८ सेंटिमीटर, काखेतल्या १४ ग्रंथी तपासल्या, त्यातल्या एकीत कॅन्सर पोचलेला. ईआर आणि पीआर दोन्ही पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ. मग तीन-तीन आठवड्यांनी आठ केमो, मग जुलैत रेडिएशन. केशरी रेशनकार्डावर जीवनदायी योजनेत बराचसा खर्च निघाला. ती कहाणी इथे सांगत नाही, ती सगळेच सांगतात. केमोच्या सहा महिन्यांत भाऊबंदकीतून डबे येतात, शेजारीण येऊन भाकरी थापून देते. गोळीच्या वर्षांत कुणी डबा आणत नाही. केस परत आले, अंगावर मांस आलं, म्हणजे बाई बरी झाली.

९ ऑगस्ट २०१७ ला रात्री नऊ वाजता पहिली गोळी घेतली. टॅमॉक्सिफेन, २० मिलिग्रॅम. माझ्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसलेल्या. मॅडमनी समजावलं ते मी आमच्या भाषेत लक्षात ठेवलं: लॉकरच्या कुलपात दुसरीच किल्ली घालून ठेवायची, म्हणजे खरी किल्ली आली तरी आत शिरत नाही. इस्ट्रोजेन अंगात फिरतं, पण स्तनाच्या पेशीला त्याचा उपयोग होत नाही. गंमत अशी की हीच किल्ली गर्भाशयाच्या अस्तरात मात्र थोडीफार फिरते. तो त्रास मला पुढे झालाच.

आधी झळा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे पहिला उन्हाळा कळलंच नाही की हे वैशाखाचं ऊन आहे का गोळीचं. कळलं ते डिसेंबरात. शेतात भरताची पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून ठेचायची, सोबत कळण्याच्या पुऱ्या. थंडी अशी की पोरं जाळाला चिकटून बसलेली. आणि मी स्वेटर काढून, पदराने वारा घेत केळीच्या बागेच्या कडेला उभी. जेठानी म्हणाली, "व माय, हिला काय लागीर झालं का काय!" सगळे हसले, मीही हसले. छातीतून निघालेली आग मानेवरून कानांपर्यंत चढते आणि दोन मिनिटांत अंग थंडगार, ओलंचिंब होतं. रात्री असं चार-पाचदा.

या झळांसाठी जवळच्या एका डॉक्टरांनी मला पॅरॉक्सेटीन लिहून दिली. आराम पडला. तीन महिन्यांनी नाशिकला सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली तेव्हा मॅडमचा चेहरा बदलला. टॅमॉक्सिफेन लिव्हरमध्ये जाऊन तिथल्या एका एन्झाइममुळे कामाची होते, आणि पॅरॉक्सेटीन त्याच एन्झाइमला अडवते. म्हणजे एक गोळी घ्यायची आणि दुसरीने तिचे हात बांधायचे. बदलून व्हेनलाफॅक्सीन दिली. तेव्हापासून मी सर्दीची गोळी घेतली तरी आधी विचारते. लोक मला वेडी म्हणतात, म्हणोत.

२०१९ मध्ये अंगावर लाल गेलं. केमोत पाळी बंद झालेली, ती दोन वर्षं आलीच नव्हती. सोनोग्राफीत अस्तर जाड निघालं, दुर्बिणीने तपासून तुकडा पाठवला. पॉलिप होता, साधा. रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस मी कसे काढले ते मला आठवत नाही. कॅश मात्र एक दिवसही चुकली नाही, हे रजिस्टर सांगतं. मग रक्त दोनदा तपासून पाळी खरंच कायमची गेली आहे याची खात्री केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गोळी बदलली. लेट्रोझोल, २.५ मिलिग्रॅम.

ही कुलपाच्या भानगडीत पडत नाही, किल्ली बनवणाऱ्याचंच दुकान बंद करते. पाळी गेली तरी बाईच्या अंगात इस्ट्रोजेन थोडं बनतच असतं, अंगातल्या चरबीत, अरोमाटेज नावाच्या एन्झाइमकडून. लेट्रोझोल त्यालाच थांबवते. पाळी चालू असेल, अंडाशय काम करत असेल, तर ही गोळी एकटी पुरत नाही, म्हणून तर रक्त दोनदा तपासलं.

मेडिकलवाल्याच्या नव्या पोराने चिठ्ठी वाचली आणि दबक्या आवाजात मला सांगितलं, "काकू, ही पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाचच दिवस घ्यायची असते. दहाची स्ट्रिप कशाला?" ही गोळी मूल होण्यासाठीही देतात, हे मला तेव्हा कळलं. माझं वय बावन्न. मी म्हटलं, "दे बाबा, नवस फेडायचाय." पोरगं कानापर्यंत लाल.

आता बोटांचं सांगते, कारण सगळा निर्णय शेवटी त्या बोटांवरच येऊन थांबला.

लेट्रोझोलच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात सकाळी उठल्यावर मूठ वळेना. कणीक मळायची तर आधी गरम पाण्यात हात धरून बसायचं. दहा वाजेपर्यंत सैल व्हायची. पण उजव्या हाताचं मधलं बोट वेगळंच वागायला लागलं. नोटा मोजताना ते वाकायचं आणि तिथेच अडकायचं. डाव्या हाताने ओढून सरळ केलं की ‘टक्’ आवाज. शंभराच्या बंडलात तीन-चारदा टक्. काउंटरपलीकडचे खातेदार बघायचे. एक आजोबा म्हणाले, "ताई, मशीनला तेल टाका." नोटा मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण फाटक्या आणि ओल्या नोटांना ते अडायचं, आणि आमच्याकडे नोटा तशाच येतात, धोतराच्या कनवटीतून, हळदीच्या डब्यातून. त्यासाठी माझी बोटंच हवीत.

गुडघे, घोटे, सगळंच दुखत होतं, पण मला राग आला तो बोटाचा. पंचवीस वर्षांचा हात माझा. तो गोळीने नेला.

२०२१ मध्ये मॅडमनी एक प्रयोग केला. तीन आठवडे गोळी बंद, बघू दुखणं गोळीचंच आहे का. अठराव्या दिवशी मी उठले आणि मूठ वळली. चहा गाळला, गाळणं हातातून सुटलं नाही. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्या तीन आठवड्यांत मला रात्रीची झोप नव्हती. नऊ वाजता मोबाइलचा गजर वाजायचा, मी तो बंद करायची आणि काखेत हात घालून चाचपत बसायची. सासूबाई ओट्यावरून विचारायच्या, "गोई घेतली का वं?" आमच्याकडच्या बोलीत गोळीची गोई होते. मी खोटंच "हो" म्हणायची. गोळीने बोटं धरली होती, आणि गोळी नव्हती तेव्हा मन धरलं. मग लेट्रोझोलच्या जागी अ‍ॅनास्ट्रोझोल आली, १ मिलिग्रॅम. काम तेच, पण माझ्या अंगाला ती जरा सोसली. बोट अडकायचं, पण बंडलात एकदा.

तर २०२२ चा तो दिवस. मॅडमनी चिठ्ठीचा कोरा कागद ओढला. म्हणाल्या, "तुम्ही आकड्यांतल्या आहात, आकडेच सांगते."

पहिला आकडा बासष्ट हजारांहून जास्त बायकांचा. २०१७ मध्ये छापलेला अभ्यास, ८८ चाचण्यांची बेरीज. माझ्यासारख्याच हार्मोनच्या गाठी, पाच वर्षं गोळी, मग बंद, आणि पुढची पंधरा वर्षं त्यांच्यावर लक्ष. दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ आणि ग्रंथी कोऱ्या, तर विसाव्या वर्षापर्यंत शंभरातल्या १३ जणींना कॅन्सर शरीरात दुसरीकडे परत आला. गाठ तेवढीच, पण एक ते तीन ग्रंथी लागलेल्या, तर २०. चार ते नऊ ग्रंथी, तर ३४. दरवर्षी थोड्या थोड्या, मध्येच थांबत नाही. मी माझ्या ओळीवर बोट ठेवलं. वीस.

"या बायकांचे उपचार जुने होते," मॅडम म्हणाल्या, "आता याहून कमी असणार. पण शून्य नाही."

मी विचारलं, "अजून पाच वर्षं घेतली तर या विसाचे किती होतील?"

दुसरा आकडा. कॅनडाहून निघालेली चाचणी, २०१६ ची. एका गटाला पाच वर्षं झाल्यावर अजून पाच वर्षं लेट्रोझोल, दुसऱ्या गटाची पाच वर्षांनी बंद करून नुसती दिसायला तशी गोळी. पुढच्या पाच वर्षांनंतर आजाराशिवाय असलेल्या बायका ९५ विरुद्ध ९१. शंभरात चारचा फायदा. पण त्यातला मोठा वाटा दुसऱ्या बाजूच्या स्तनात नवी गाठ न होण्याचा, आणि जिवंत राहिलेल्या बायकांचा आकडा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. हाडं मोडली ती १४ टक्के विरुद्ध ९.

मी म्हटलं, "म्हणजे चार आले, पाच गेले."

"असं एकाच खात्यात टाकू नका. मोडलेलं हाड जुळतं."

"मॅडम, धुळ्याच्या मावशींचं खुब्याचं जुळलं नाही."

धुळ्याच्या मावशी म्हणजे माझ्यासोबत रेडिएशनच्या रांगेत बसणाऱ्या. वय तेव्हाच सदुसष्ट. गाठ एक सेंटिमीटर, ग्रंथी कोऱ्या. चौथ्या वर्षी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर काठी सुटली नाही. त्यांची गोळी पाच वर्षांनी डॉक्टरांनीच बंद केली, एका मिनिटात. त्यांना कुणी कागद काढून दाखवायची गरजच पडली नाही.

तिसरा आकडा ऑस्ट्रियाचा, २०२१ मध्ये छापलेला. साडेतीन हजारांच्या आसपास बायका. पाच वर्षं झालेल्यांना अ‍ॅनास्ट्रोझोल आणखी दोन वर्षं की आणखी पाच वर्षं, एवढाच प्रश्न. उत्तर: काही फरक नाही. दोन्ही गटांत आजार परत येणं सारखंच. हाडं मात्र पाचवाल्या गटात जास्त मोडली, ६.३ टक्के, दोनवाल्यांत ४.७.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. दोनने जे मिळतं तेच पाचने मिळत असेल तर वरची तीन वर्षं बिनव्याजी ठेव कशाला ठेवायची? पण लगेच दुसरी गोष्टही दिसली आणि मी ती विचारली. "यात ‘काहीच नको’ असा गट कुठाय?"

मॅडम हसल्या. "नाही. दोन आणि पाच एवढीच तुलना आहे. आणि त्यातल्या बहुतेकींच्या ग्रंथी कोऱ्या होत्या. तुमची एक होती."

म्हणजे पाच नको, हे कळलं. शून्य की दोन, हे त्या कागदावर नव्हतं. मला वाटलं आता मॅडम सांगतील. पाच वर्षं त्यांनी सांगितलं आणि मी केलं, तसंच. त्या म्हणाल्या, "मला दोन वर्षं द्यावीशी वाटतात. पण तुम्ही थांबवते म्हणालात तर मी चूक म्हणणार नाही. घरी जा, महिनाभर विचार करा. तोवर गोळी चालू ठेवा."

मग हाडांची तपासणी समोर ठेवली. डेक्सा म्हणतात तिला. २०२० मध्ये कमरेचा आकडा उणे १.३ होता, आता उणे २.१. उणे २.५ ला हाडं ठिसूळ झाली असं धरतात. व्हिटॅमिन डी चौदा. खानदेशात राहून! पंचेचाळीस डिग्रीचं ऊन डोक्यावर आणि अंगात व्हिटॅमिन डी नाही, कारण त्या उन्हात बाहेर पडतं कोण? दहा ते पाच मी कूलरसमोर नोटा मोजत असते.

शेवटी मी एक कबुली दिली. माझी सगळी मेडिकलची बिलं फायलीत आहेत. ९ ऑगस्ट २०१७ पासून पाच वर्षांचे दिवस १८२६, मधलं लीप वर्ष धरून. बिलांप्रमाणे गोळ्या १७६०. सहासष्टचा फरक. एकवीस त्यांनीच थांबवलेल्या, नऊ लॉकडाऊनमध्ये मिळाल्या नाहीत म्हणून. उरलेल्या छत्तीस मी विसरले, किंवा खरं सांगायचं तर काही रात्री मी मुद्दाम विसरले, दुसऱ्या दिवशी आडत्यांचा भरणा असायचा तेव्हा. एका रात्रीने बोट सुटत नाही हे मला माहीत होतं. मॅडम म्हणाल्या, "छत्तीस म्हणजे फारच कमी. पाच वर्षं पूर्ण न करणाऱ्या खूप असतात. दुखतं म्हणून सोडतात आणि आम्हाला सांगत नाहीत."

परतीच्या गाडीत मनमाड गेल्यावर मी तो कागद काढला. यांनी चष्मा लावून वाचला. आमचे हे केळीवाले, चार एकर बाग, पाण्यासाठी ट्यूबवेल. बराच वेळ बोलले नाहीत. चाळीसगाव आलं तेव्हा म्हणाले, "पिलबाग, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलावर पुढचं पीक, ठेवायचा का नाही, ते आपण खोड पाहून ठरवतो. शेजाऱ्याचा बाग पाहून नाही." मी म्हटलं, तुम्हाला जिथे तिथे केळीच दिसते. पण मनात राहिलं ते.

शेजारचा बाग म्हणजे शिरपूरची. रेडिएशनच्या रांगेतली ती तिसरी. आजार झाला तेव्हा सदतिसाव्या वर्षात, पदरात दोन लहान पोरी, पाच ग्रंथी लागलेल्या. दर अठ्ठावीस दिवसांनी पोटात इंजेक्शन, अंडाशय झोपवायला, आणि वर रोजची गोळी. मी फोन केला तर म्हणाली, "ताई, मी दहा वर्षं घेणार. त्यांनी पंधरा सांगितली तर पंधरा." तिला दाखवलेला आकडा वेगळा होता. टॅमॉक्सिफेन दहा वर्षं घेणाऱ्यांचा तो जगभरातला जुना मोठा अभ्यास, ज्यात पाचव्या ते चौदाव्या वर्षात आजार परत येण्याचं प्रमाण २५.१ टक्क्यांवरून २१.४ वर आलं आणि कॅन्सरने जाणाऱ्या बायका १५ वरून १२.२ वर. गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका त्यात वाढतो, १.६ वरून ३.१, हेही तिला सांगितलेलं. ती म्हणाली, "गर्भाशय काढता येतं." तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मला तिच्यासारखं घाबरायचं कारण नव्हतं आणि धुळ्याच्या मावशींसारखं निर्धास्त व्हायचंही नव्हतं.

मुलगी पुण्याला असते. तिने इंटरनेटवर बघून सांगितलं, "आई, दहा वर्षं घे." कारण? "सेफ असतं." मी तिला विचारलं, कशापासून सेफ? हाडापासून का गाठीपासून? ती रडायला लागली. मग मला कळलं, तिला आकडे नको आहेत, आई हवी आहे. तो वाद मी तिथेच सोडला.

माहेरी अमळनेरला गेले. माझी आई त्र्याऐंशीची, अहिराणीशिवाय बोलत नाही. तिला सगळं सांगितलं, दोन वर्षं, पाच वर्षं. तिने माझा उजवा हात हातात घेतला, मधलं बोट वाकवून पाहिलं, टक् झालं. म्हणाली, "तुले काय वाटस ते कर. मी शे ना." एवढंच. शे म्हणजे आहे. त्र्याऐंशी वर्षांची बाई मला सांगत होती की ती आहे.

महिन्याने मी फोनवर मॅडमना सांगितलं, दोन वर्षं. तीन अटी माझ्या. हाडाचं इंजेक्शन आत्ताच सुरू करायचं, पुढच्या वर्षी डेक्सात आणखी घसरण दिसली तर तिथेच थांबायचं, आणि बोट पुन्हा बंडलात चारदा अडकायला लागलं तरी थांबायचं. तिसरी अट ऐकून त्या म्हणाल्या, "ही अट मी पहिल्यांदा ऐकते." पण लिहून घेतली.

त्या इंजेक्शनचं नाव झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, दर सहा महिन्यांनी सलाइनमधून. पाळी गेलेल्या बायकांत ते हाडंही सांभाळतं आणि हाडात कॅन्सर परत यायचा धोकाही थोडा कमी करतं. आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. इंजेक्शन चालू असताना दाढ काढावी लागली तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो, म्हणून माझी किडकी दाढ आधीच काढली आणि जखम भरल्यावर सुरुवात केली. पहिल्या इंजेक्शनच्या रात्री थंडी वाजून ताप, अंग असं मोडलं की चिकनगुनिया आठवला. दुसऱ्या वेळेपासून पॅरासिटामॉल आधीच घेतली, मग तेवढं काही नाही. सोबत कॅल्शियम, आठवड्याला व्हिटॅमिन डी, आणि सकाळी सहाला यावल रोडने चालणं. उजव्या हाताला केळीचे बाग, त्यांच्यामागे सातपुडा. हे चालणं मला गोळीपेक्षा जास्त मानवलं असं मी म्हणायचे, मॅडम म्हणायच्या दोन्ही लागतं.

ती दोन वर्षं तशीच गेली, सांगण्यासारखं फार नाही. २०२३ ची डेक्सा उणे २.०. बोट बंडलात एकदा, कधी दोनदा. सासूबाई २०२३ च्या पावसाळ्यात गेल्या. नऊ वाजता "गोई घेतली का वं" विचारणारं कुणी राहिलं नाही. त्या वर्षी मी सात गोळ्या विसरले.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, रविवारी कानबाई, आमच्या खानदेशची देवी. घरात रोटांची तयारी, जेठानी गहू निवडत बसलेली. रात्री नऊला गजर वाजला. दिवस २५५७, गोळ्या २४८४. पाणी घेऊन ओट्यावर बसले आणि घेतली. जेठानीने वर पाहिलं, "झाली का तुझी मुदत?" मी हो म्हटलं. तिने सूप माझ्याकडे सरकवलं, "मग घे, खडे काढ."

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत नदीवर गेली. मी नाचले. गुडघे दुखले, पण नाचले.

बोट सुटायला तीन महिने लागले. एकदम नाही, एक दिवस बंडल संपलं आणि लक्षात आलं की टक् ऐकू आलं नाही. मधल्या काळात दिवाळीच्या आधी पाठीत दुखायला लागलं आणि माझी झोप पुन्हा उडाली. आठ दिवस कुणाला बोलले नाही. हाडातच आलं असणार, गोळी सोडायला नको होती, हेच डोक्यात. शेवटी यांनीच जळगावला नेऊन एक्स-रे काढला. काही नव्हतं. आदल्या आठवड्यात मी पाण्याने भरलेला कूलर एकटीने ओढून माळ्याखाली लावला होता, हे डॉक्टरांनी विचारल्यावर आठवलं. मॅडमना फोन केला तर त्यांनी रागावलं नाही. म्हणाल्या, असं एकदोनदा होतं, पण दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर लपवायचं नाही, सांगायचं. त्या वर्षीची डेक्सा उणे १.९. मॅमोग्राफी दरवर्षी चालूच आहे, ती थांबत नाही.

राहता राहिली शेवटची स्ट्रिप. मधल्या विसरलेल्या गोळ्यांमुळे चार उरल्या. मेडिकलवाल्याकडे घेऊन गेले, तर ते पोरगं, आता मिशी आलीय त्याला, म्हणालं, "काकू, कापलेली स्ट्रिप परत घेत नाही." टाकायचा धीर होईना. ऑफिसमध्ये माझ्या टेबलाचा खालचा खण आहे, त्यात रद्द चेक आणि बिनवारसाच्या पावत्या असतात, तिथे ठेवली. परवा पावती शोधताना हाताला लागली. मागे छापलंय, मुदत मार्च २०२६ पर्यंत. खण बंद केला. बाहेर केळीवाल्यांचा भरणा आला होता, ओल्या नोटा, आणि यंत्र अडलेलं.